गोठ्यावरचा अँटेना : वाडीतल्या घरी सिमवर इंटरनेट आणल्याच्या नोंदी

शनिवार, १९ एप्रिल २०२५

पहाटे पुण्याहून निघालो, कुंभार्ली घाट उतरून दुपारी देवरुखजवळच्या आमच्या वाडीत पोचलो. दादा-वहिनी जूनमध्ये मुंबईची भाड्याची जागा सोडून कायमचे इथं यायचं म्हणतायत. दादा कलमांकडे बघेल, पुतणी देवरुखला शाळेत जाईल. वहिनीची नोकरी मुंबईचीच राहणार आहे. हिशेबाचं काम आहे, घरून करायला ऑफिसची हरकत नाही. पण दिवसभर नेट लागतं आणि सकाळी अकराला रोज व्हिडिओवर मीटिंग असते. तेवढं जमलं नाही तर दिवाळीपर्यंत सगळे परत मुंबईला, आणि आई पुन्हा एकटी. वाडीत अकरा घरं. त्यांतली सहा फक्त गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. म्हणून हे काम मला करायचंच आहे, आणि नीट करायचं आहे.

फायबरची चौकशी आधी करून झाली. भारतनेट या सरकारी योजनेची फायबर ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंत आली आहे. तिथून वाडी तीन किलोमीटर, मध्ये पऱ्या (ओढा) आणि दोन चढ. पाच उघड्या घरांसाठी इतकी लाईन ओढायला कोणी तयार नाही. राहिला मोबाईलचा टॉवर.

घर खोलगट जागी आहे. चिऱ्याच्या भिंती जाड, वर मंगलोरी कौलं. माजघरात फोन लागतच नाही. ‘रेंजची जागा’ म्हणजे परसातल्या फणसाखालचा दगड. वाडीतल्या प्रत्येक घराचा असा एकेक दगड ठरलेला आहे. आमचा दगड आईच्या बसण्यानं गुळगुळीत झालाय. रात्री साडेआठला ती बॅटरी घेऊन तिथं जाते आणि आमच्या फोनची वाट बघते. पावसात छत्री घेऊन जाते. दोन वर्षांपूर्वी तिथंच पायाखालून फुरसं गेलं होतं.

फोनमध्ये सिग्नल मोजायचं ॲप टाकलं. काड्या बघून काही कळत नाही, खरा आकडा आरएसआरपीचा, म्हणजे टॉवरचा सिग्नल किती जोरानं पोचतो त्याचा. तो उणे असतो आणि शून्याकडे जाईल तितका चांगला. -९० पर्यंत काम छान चालतं, -१०० ला जपून, -११० च्या खाली रडतखडत, -१२० ला संपलं. आजचे आकडे: माजघर -१२१, पडवी -११६, खळं -१११, आईचा दगड -१०६.

रविवार, २० एप्रिल

आजचा दिवस झेल्यानं वसूल केला.

सिग्नल उंचावर असणार हे दिसतच होतं, पण किती उंच आणि नेमका कुठे? कौलांवर चढलो तर कौलं फुटतात. मग ओटीवर टेकवलेला आंबे काढायचा झेला दिसला, दापोलीच्या कृषी विद्यापीठानं काढलेला नूतन झेला. त्याचं पातं सोडवून ठेवलं, जाळीत फोन घातला, सुतळीनं तोंड बांधलं आणि दोन काठ्या एकाला एक जोडून वर उभा केला. ॲप दर सेकंदाला आकडा लिहून ठेवतं. एका जागी एक मिनिट धरायचं, खाली घ्यायचं, सरासरी काढायची. एक मिनिट यासाठी, की १८०० मेगाहर्ट्झची लहर साधारण सतरा सेंटिमीटरची. फोन वीतभर सरकला तरी आकडा तीन-चारनं हलतो. एकदाच बघून जागा ठरवली की फसगत.

घराचे चारी कोपरे झाले, विहीर झाली, वरच्या मळ्यातला गोठा झाला. गोठा रिकामाच असतो आता. तो घरापासून चाळीस मीटरवर आणि अंगणापेक्षा पाचेक मीटर उंच आहे. टॉवर ८५० आणि १८०० मेगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर बोलतो. तिथं सहा मीटर उंचीवर ८५० च्या पट्ट्यात -९६ आणि १८०० च्या पट्ट्यात -१०४. घराच्या कोपऱ्यावर तेवढ्याच उंचीला हेच आकडे -१०५ आणि -११४ होते. नऊ-दहा डेसिबल म्हणजे सिग्नल आठ-दहा पट. एवढा फरक कुठलंही महागडं यंत्र विकत घेऊन मिळाला नसता.

आई खळ्यात रातांबे फोडत बसली होती. “फोनला आंबे लागतात का रे वर?” म्हणाली. मी आकड्यांची वही दाखवली. तिनं गोठ्याचा आकडा बघितला आणि म्हणाली, “तुझे बाबा पण चिठ्ठी आली की वरच्या मळ्यातच जाऊन वाचायचे. तिथं उजेड बरा असतो.”

शनिवार, २६ एप्रिल (पुणे)

सामान ठरवलं. त्याआधी ‘बूस्टर’ची गोष्ट लिहून ठेवतो, कारण गावातल्या दोघांनी फोन करून तोच घे म्हणून सांगितलं. भिंतीला लावायचा तो डबा टॉवरचा सिग्नल वाढवून घरात पुन्हा फेकतो. परवान्याशिवाय तो लावणं आपल्याकडे बेकायदा आहे, आणि त्याला कारण आहे. स्वस्त बूस्टर उलट दिशेला टॉवरच्या कानात गोंगाट ओततो. टॉवरला लांबच्या फोनचं बोलणं ऐकू येईनासं होतं. आपल्या घरी काड्या दिसतात आणि शेजारच्या वाडीची रेंज जाते. सिम घालायच्या राऊटरला बाहेरचा अँटेना लावणं ही निराळी गोष्ट. तिथं सिग्नल पुन्हा फेकला जात नाही, मोठ्या कानानं ऐकला जातो एवढंच.

राऊटर कॅटेगरी ६ चा घेतला. कॅटेगरी ४ एका वेळी एकच पट्टा वापरतो, ६ दोन पट्टे जोडतो. बाहेरचा अँटेना दोन तोंडं असलेला हवा, कारण ४जीत दोन वाटांनी डेटा येतो. एकाच तोंडाचा अँटेना लावला तर निम्मा वेग तिथंच सोडून द्यायचा. अँटेना लॉग-पिरिऑडिक जातीचा, माशाच्या काट्यासारखा, ७०० ते २७०० मेगाहर्ट्झ चालणारा. यागी जातीच्या अँटेनाची ताकद जास्त असते, पण ती एकाच पट्ट्यापुरती. कंपनीनं उद्या पट्टा बदलला तर यागी वाळवणाला.

केबलवर पैसे वाचवायचे नाहीत. बाजारात अँटेनाबरोबर दहा मीटर बारीक काळी केबल फुकट मिळते. ती १८०० मेगाहर्ट्झला मीटरमागे पाऊण डेसिबलच्या वर खाते. दहा मीटरला आठ गेले, म्हणजे अँटेनानं मिळवलं ते केबलनं खाल्लं. बोटाएवढ्या जाड, कमी नुकसानीच्या केबलला मीटरमागे पाव डेसिबलसुद्धा लागत नाही. मी जाड केबल पाच-पाच मीटरचे दोन तुकडे घेतली. राऊटर गोठ्यातच बसवायचा, अँटेनाच्या पायाशी. लांबचा प्रवास नेटवर्कच्या तारेनं करायचा, तिला शंभर मीटर चालतात.

शनिवार, ३ मे

दीड इंची जीआय पाईप, वीस फूट. गोठ्याच्या चिऱ्याच्या खांबाला तीन ठिकाणी पट्ट्या मारून उभा केला. पट्ट्या पाईपवर घट्ट आवळल्या नाहीत, बोल्ट सैल केला की पाईप जागच्या जागी फिरावा अशा ठेवल्या. वरून तीन ताण दिले, एक फणसाला, दोन गडग्यात पुरलेल्या खुंट्यांना. वाडीतला वायरमन, चुलतभाऊ आणि मी. दुपारी दोनला उन्हानं पाईप हातात धरवत नव्हता.

अर्थिंगला सगळ्यात जास्त वेळ गेला. कांब दोन फुटांवर कातळाला लागली, पुढे जाईना. दुसरीकडे ठोकली, तिथंही तेच. वायरमन म्हणाला, खाली जात नाही तर आडवी जाऊ दे. न्हाणीचं पाणी बारा महिने केळीच्या आळ्यात सुटतं, ती माती कधी सुकत नाही. तिथपर्यंत जीआयची पट्टी चर खणून पुरली, केळीच्या मुळाशी चार मीटर आडवी पसरली आणि घराच्या अर्थिंगला जोडली. दोन्ही केबल गोठ्यात शिरायच्या आधी त्यांच्यावर वीजरोधक (विजेचा झटका जमिनीत वळवणारे) बसवले, त्यांची तार त्याच पट्टीला. वायरमनला कातळाचा चाळीस वर्षांचा अनुभव आहे, मी फक्त चर खणला.

संध्याकाळी राऊटर जोडायला गेलो आणि अडकलो. राऊटरच्या मागच्या चार तोंडांपैकी दोन वायफायची, दोन सिमची. दिसायला चारही सारखी, आटेसुद्धा सारखे. पण वायफायच्या तोंडात पीन असते आणि सिमच्या तोंडात भोक. केबल चुकीच्या तोंडावर आटली जाते, बसल्यासारखी वाटते, पण सिमला अँटेना मिळतच नाही. अर्धा तास -११८ दिसत होता. बॅटरी मारून आत बघितलं तेव्हा कळलं. केबल बदलून लावली, -९७.

रविवार, ४ मे

आज दिशा लावली. आधी आपण नक्की कोणत्या टॉवरला लागलोय हे पाहिजे. दूरसंचार खात्याच्या तरंग संचार या संकेतस्थळावर आसपासचे टॉवर नकाशात दिसतात. सड्यावरचा, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावरचा, एक जवळचा वाटला. खात्री राऊटरच्या आतल्या मॉडेमनंच दिली. टॉवर प्रत्येक फोनला ‘किती आधी बोल’ असा आकडा देतो, कारण लहरीला यायला वेळ लागतो. त्याचं एक माप म्हणजे सुमारे ७८ मीटर. आमचा आकडा ५४. गुणाकार केला, ४२१२ मीटर. नकाशावर सड्यावरचा टॉवर ४.२ किलोमीटर. हा आकडा जुळला तेव्हा फार आनंद झाला.

मग चुलतभाऊ पाईप फिरवायला आणि मी आकडे वाचायला. एकेका वेळी हाताच्या अंगठ्याएवढं फिरवायचं, पूर्ण मिनिटभर थांबायचं, लिहायचं. सगळ्यात चांगला आकडा थेट टॉवरकडे मिळाला नाही, दहा-बारा अंश डावीकडे मिळाला. मध्ये डोंगराची सोंड आहे. तिच्या खांद्यावरून वळून येणारा सिग्नल सरळ येणाऱ्यापेक्षा बरा. होकायंत्रावर विसंबून पाईप आवळला असता तर हे हुकलं असतं. शिवाय लहर दोरीसारखी येत नाही, वाटेत फुगते. एवढ्या अंतराला १८०० मेगाहर्ट्झवर मध्यावर तिची त्रिज्या तेरा मीटर होते, ८५० वर एकोणीस. टॉवर डोळ्यांना दिसला तरी तेवढी मोकळीक मध्ये पाहिजे.

आता पट्ट्याचा प्रश्न. राऊटर आपणहून ८५० ला जाऊन बसत होता, कारण तिथं -८७, काड्या भरलेल्या. वेग ९ एमबीपीएस. हातानं १८०० वर बांधला. -९३, एक काडी कमी, वेग ३१. टॉवरवर ८५० ची वाट पाच मेगाहर्ट्झ रुंद आहे आणि १८०० ची दहा, आणि गावातले सगळे फोन लांब पोचतो म्हणून ८५० वरच गर्दी करतात. अरुंद वाटेवर गर्दी. काड्या मोजणाऱ्या कोणालाही हे पटवायला मला वेळ लागतो, पण हे आकडे मी स्वतः चार-चारदा घेतलेत. मुख्य पट्टा १८००, जोडीला ८५० असं ठरवलं. ३८ मिळाले, एसआयएनआर (सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे तो आकडा) १४.

गोठ्यापासून घरापर्यंत नेटवर्कची तांब्याची कॅट-सिक्स तार गडग्याच्या कडेनं पाईपात घालून आणली. चिऱ्याच्या भिंतीतून वायफाय जात नाही म्हणून एक ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा) पडवीत आणि एक माजघरात.

रात्री साडेआठला आई सवयीनं बॅटरी घेऊन उठली. तिच्या फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करून दिलं होतं. म्हटलं, आई, इथंच बस. वहिनीचा फोन माजघरात वाजला. आई बॅटरी हातात तशीच धरून बोलत राहिली. बोलणं संपल्यावर मग बंद केली.

बुधवार, १४ मे (पुणे)

काल संध्याकाळी वाडीत वळवाचं वादळ झालं. शेजारच्या परसातल्या माडावर वीज पडली, माड शेंड्यापासून चिरला. माणसं सुखरूप. आमचं नेट गेलं.

चुलतभावानं फोनवरून एकेक दिवा बघून सांगितला. राऊटर चालू, सिमचा सिग्नल ठीक. तारेचं तोंड मेलं. पडवीतला ॲक्सेस पॉइंटही मेला. अँटेनाच्या बाजूनं काही आलं नाही, म्हणजे केळीतली पट्टी आणि वीजरोधक यांनी आपलं काम केलं. मार खाल्ला तो माझ्या कॅट-सिक्सनं. गोठ्याची विजेची वायर वरून झाडांतून जाते, नेटवर्कची तार खालून गडग्याकडेनं. दोन्हींची टोकं दोन्हीकडे यंत्रात भेटतात. म्हणजे चाळीस मीटर लांबीचं तांब्याचं एक मोठं कडं मीच तयार केलं होतं. जवळ वीज पडली की तिच्या चुंबकीय झटक्यानं अशा कड्यात दाब उठतो आणि सगळ्यात नाजूक जागी फुटतो. कोकणातल्या मे महिन्यात दोन इमारतींमध्ये उघडं तांबं टाकलं, ही चूक माझी.

रविवार, १८ मे

तांबं काढलं, काच टाकली. साठ मीटर फायबर, दोन्ही टोकांना तारेतल्या सिग्नलचा उजेड करणारा एकेक मीडिया कन्व्हर्टर. काचेतून वीज जात नाही, कडं तुटलं. एकाच धाग्यावर जाणं-येणं दोन निरनिराळ्या रंगांच्या उजेडानं होतं, म्हणून कन्व्हर्टर जोडीनं घ्यायचे, एक या बाजूचा, एक त्या बाजूचा. दोन सारखे आणले तर दोघंही एकाच रंगात बोलतात आणि ऐकत कोणीच नाही. जोड मारायला देवरुखहून टीव्ही केबलवाले आले. त्यांच्याकडे काच वितळवून जोडायचं यंत्र असतं, दहा मिनिटांत दोन्ही टोकं झाली. खर्च बघितला तर तांब्याच्या दीडपट. ही तार पहिल्या दिवशीच टाकायला हवी होती.

गोठ्यातल्या प्लगला सर्ज रोखणारं यंत्र बसवलं. राऊटर आता थेट लाईटवर नाही. बारा व्होल्टची लिथियम बॅटरी, वीस अँपिअर-तास. लाईट बॅटरी भरते, बॅटरी राऊटर चालवते. राऊटर आणि कन्व्हर्टर मिळून सहा वॉट, म्हणजे लाईट गेल्यावर दिवसभर तरी हरकत नाही.

रविवार, २५ मे

दादाचं सामान घेऊन टेम्पो काल रात्री आला आणि मागोमाग पाऊस. मिरगाला अजून दोन आठवडे आहेत, आणि मोसमी पाऊस आजच कोकणात पोचल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं. आगोटीची कामं सगळी अर्धवट. लाकडं भिजली, शाकारणी राहिली. सामान पडवीत ताडपत्रीखाली.

अँटेनाचे जोड मी रबरी चिकटपट्टीनं ताणून गुंडाळले होते, वरून साधी टेप. केबल गोठ्यात शिरते तिथं तिला खाली झोल दिला आहे. पाणी झोलाच्या तळाशी येऊन गळतं, भोकातून आत जात नाही. आज मुसळधार पावसात शिडीवर चढून हात लावून बघितलं, आत कोरडं.

तरी सिग्नल -९३ वरून -९९ वर उतरला. पाऊस पडतोय म्हणून नव्हे. या लहरींना थेंबांचं काही वाटत नाही, ती अडचण फार वरच्या पट्ट्यांची. दोषी आहे फणस. त्याची भिजलेली जाड पानं लहरींच्या वाटेत आहेत. संध्याकाळी तासभर उघडीप मिळाली, वारा सुटला, पानं निथळली आणि आकडा -९५ झाला. दादा म्हणाला, “एक फांदी उतरवू, पण फणस तोडायचा नाही. आजोबांनी लावलेला आहे.” मलाही तो तोडायचा नव्हता. झेला घेऊन बघितलं, अँटेना खांबावरच तीन फूट सरकवला तर मोठी फांदी वाटेतून निघते. एक डहाळी उतरवली, अँटेना सरकवला. भिजल्या पानांत -९६.

रविवार, १ जून

पुण्यातून राऊटर उघडता यायला हवा. सिमवर बाहेरून आत यायला सरळ वाट नसते. मोबाईल कंपनी हजारो गिऱ्हाइकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवते. राऊटरला मिळालेला पत्ता १०० नं सुरू होणारा, आतल्या वापराचा. राऊटरचं दार (पोर्ट) उघडून काही होत नाही. म्हणून वाट उलटी काढली. वाडीतला राऊटर स्वतः होऊन भाड्याच्या लहान सर्व्हरला वायरगार्ड या व्हीपीएनचा खासगी बोगदा जोडतो आणि दर पंचवीस सेकंदांनी हाक मारत राहतो, म्हणजे बोगदा मिटत नाही. मी पुण्याहून त्याच सर्व्हरवर जातो. शिवाय राऊटरमध्ये लहान पहारेकरी ठेवला. दोन ठिकाणांहून सलग पाच मिनिटं उत्तर आलं नाही तर आधी मॉडेम बंद-चालू करायचा, तरी जमलं नाही तर सगळा राऊटर.

सिमचा प्लॅनही बदलला. रोजच्या दोन जीबीचा होता. वहिनीनं चाचणी म्हणून दोन तास काम केलं, एक अपडेट उतरला आणि साडेअकराला वेग ६४ केबीपीएसवर. आता महिन्याच्या मोठ्या कोट्याचा घेतलाय.

मंगळवार, ३ जून (पुणे)

मुद्दाम आजचा दिवस धरला होता. अहमदाबादला आयपीएलची फायनल, बेंगळुरू आणि पंजाब. सबंध पंचक्रोशी एकाच टॉवरवरून सामना बघणार, म्हणजे यापेक्षा वाईट संध्याकाळ नाही. साडेआठला वेग ३८ वरून ११. ते चालतं. न चालणारी गोष्ट म्हणजे उशीर. दादानं सामना लावल्याबरोबर वहिनीच्या लॅपटॉपला उत्तर यायला ९०० मिलिसेकंद लागू लागले. अशात मीटिंगमध्ये माणसं एकमेकांच्या बोलण्यावर पाय देतात.

यावर उपाय आहे. राऊटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली टाकलेली आहे, त्यात केक नावाची रांग लावायची सोय आहे. राऊटरनं टॉवरपेक्षा थोडा कमी वेग स्वतःच पाळायचा, म्हणजे रांग टॉवरपाशी न साचता आपल्याकडे साचते आणि तिला शिस्त लावता येते. रात्री नऊला मर्यादा उतरवायला ९ आणि चढवायला २ एमबीपीएस लावली. उशीर १०० च्या आत. सामना दादाच्या टीव्हीवर थोडा धूसर झाला, दादानं तक्रार केली नाही. दिवसा वेग मोकळा असताना ९ ची मर्यादा अन्याय होईल, म्हणून उशीर मोजून मर्यादा आपोआप वर-खाली करणारी स्क्रिप्ट बसवली.

सोमवार, ९ जून

वहिनीचा इथून कामाचा पहिला दिवस. संध्याकाळी तिचा निरोप: “भावोजी, अकराची मीटिंग सव्वा तास चालली. एकदाही तुटली नाही. मागे कोंबडा आरवला तो सगळ्यांना ऐकू गेला.”

शुक्रवार, २० जून

बुधवारी दुपारी वाऱ्यानं झाडं पडली आणि लाईट गेली ती एकतीस तास. आमची बॅटरी टिकली, पण सात तासांनी सड्यावरचा टॉवरच गप्प झाला. त्याचीही बॅटरी संपली असणार. घरात वीज साठवून काय उपयोग, समोरचा विझला तर?

राऊटरमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम आधीपासून घातलेलं आहे. तिचा टॉवर महामार्गाच्या बाजूला, नऊ किलोमीटरवर, आणि अँटेनाची पाठ त्याच्याकडे. मे महिन्यात पाईपवर तांबड्या ऑइलपेंटनं दोन खुणा करून ठेवल्या होत्या, एक ‘सडा’, एक ‘हायवे’, आणि खांबावर एक रेघ. गुरुवारी सकाळी दादा इरलं घेऊन गोठ्यावर गेला. पाना लावून खालच्या पट्टीचा बोल्ट सैल केला, ताण ढिले केले, पाईप दोन्ही हातांनी धरून फिरवला आणि ‘हायवे’ची खूण रेघेला आणली. -१०८, वेग ३ एमबीपीएस. व्हिडिओ बंद ठेवून वहिनीनं मीटिंग केली आणि पगाराचे कागद वेळेत पाठवले. वाडीतली माणसं दिवसभर पडवीत येऊन मुंबईला फोन लावत होती. आईनं तीनदा चहा टाकला.

रात्री लाईट आली, टॉवर उठला, दादानं पाईप परत सड्याकडे फिरवला. बॅटरी सत्तावीस टक्क्यांवर होती.

रविवार, १३ जुलै

विशेष काही नाही. सरासरी -९५. पहारेकऱ्यानं महिन्यात मॉडेम चारदा उठवला, सगळे पहाटेचे. गोठ्यात राऊटरच्या पेटीत मुंग्यांनी घर केलं होतं, ते साफ करून भोकांना बारीक जाळी लावली.

बुधवार, २७ ऑगस्ट

गणपती आले. घरात तेवीस माणसं, वायफायवर एकोणीस फोन. पाहुण्यांचं नाव वेगळं, आणि केक प्रत्येक यंत्राला सारखा वाटा देतो, म्हणून पोरं रील बघत असली तरी बाकीच्यांचं चालतं. दुपारची आरती मस्कतच्या चुलतबहिणीला दाखवायला फोन समईशेजारी पाटावर उभा केला. पस्तीस मिनिटं. मंत्रपुष्पांजलीपर्यंत चित्र एकदाही थांबलं नाही. तिकडून तिची मुलं टाळ्या वाजवत होती, ते इथल्या टाळ्यांच्या अर्धा सेकंद मागे ऐकू येत होतं.

बुधवार, ३ सप्टेंबर

काल गौरी-गणपतींचं विसर्जन झालं. आज चाकरमान्यांच्या गाड्या निघाल्या. दरवर्षी या दिवशी वरच्या घरचे काका कुलूप लावून किल्ली आईकडे देतात. आज किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “मी मार्चमध्ये रिटायर होतोय. मुलगा म्हणतो, नेट असेल तर मीही चार महिने इथून काम करीन. बघतोस का?”

काकांचं घर गोठ्याच्या वर, आमच्यापेक्षा चढावर आहे. झेला काढला, फोन जाळीत घातला. त्यांच्या मागच्या कोपऱ्यावर सहा मीटरला, १८०० च्या पट्ट्यात, ओल्या पानांत -९८. त्यांना स्वतंत्र सिम आणि स्वतंत्र अँटेना लावायचा, आमच्या एका सिमवर दोन घरांचं ऑफिस चालणार नाही. दोन्ही घरांमध्ये फायबर मात्र टाकायची. एकाचा टॉवर किंवा राऊटर गेला की दुसऱ्याचं नेट मिळेल, आणि त्यांचा अँटेना कायमचा हायवेकडे तोंड करून ठेवता येईल. मग भर पावसात पाईप फिरवायला दादाला वर जायला नको.

गडग्याच्या कडेनं टेप धरून मोजलं, बहात्तर मीटर. नव्वद मीटर फायबर आणि कन्व्हर्टरची एक जोडी लिहून घेतली. काकांच्या न्हाणीचं पाणी कुठं सुटतं ते बघून ठेवलं. अळवात सुटतं, माती काळी आणि ओली आहे.